कुठे लावायची आहे, एवढं विचारा

महाराष्ट्रातल्या गावोगावच्या ‘मेडिकल’चे मालक, फार्मासिस्ट आणि काउंटरवर उभी राहणारी मुलं-मुली यांस,



मागच्या महिन्यात सासऱ्यांच्या रक्तदाबाच्या गोळ्या घ्यायला आमच्या तालुक्याच्या बाजारपेठेतल्या एका मेडिकलमध्ये उभी होते. आठवडी बाजाराचा दिवस, त्यामुळे गर्दी. माझ्या पुढे एक बाई, कडेवर वर्ष-सव्वा वर्षाचं पोर. पोराच्या दोन्ही गालांवर लाल, ओलसर चट्टे होते आणि ते सारखं आईच्या खांद्यावर गाल घासत होतं. बाईंनी दाबून दाबून चपटी झालेली रिकामी ट्यूब पुढे केली. “ही द्या, मागच्यासारखी.” काउंटरवरच्या मुलाने ट्यूबवरचं नाव वाचलं, मागच्या खणातून नवी काढली, पिशवीत घातली, पैसे घेतले. सगळा व्यवहार अर्ध्या मिनिटाचा. पोराच्या गालांकडे कोणी बघितलं नाही. मी बघितलं, पण बोलले नाही. गोळ्या घेऊन बाहेर येईपर्यंत बाई गर्दीत दिसेनाशा झाल्या होत्या. तेव्हा बोलायचं राहिलं, ते आता लिहिते आहे.

मी डॉक्टर नाही. सातारा जिल्ह्यातल्या एका जिल्हा परिषद शाळेत चौथीच्या वर्गाला शिकवते. पण त्या बाईंच्या जागी मी जवळजवळ दहा वर्षं उभी राहिले आहे, तशीच रिकामी ट्यूब हातात घेऊन. माझी लेक आता सोळा वर्षांची आहे. तिला इसब आहे, पाचव्या महिन्यापासून.

तेव्हा आधी गाल लाल झाले, मग कपाळ, मग हातापायांची बाहेरची बाजू. खाजवून खाजवून लस यायची, ती वाळून खपली धरायची, रात्री दुपटं अंगाला चिकटायचं. घरात निदानांना तोटा नव्हता. सासूबाई म्हणाल्या, लाळ लागली. माझ्या आईच्या मते मी गरोदरपणी वांगी खाल्ली त्याचा हा परिणाम. शेजारच्या काकूंनी मीठ-मोहरी ओवाळून टाकली. अंघोळ घालायला येणाऱ्या मावशींचं म्हणणं, अंगातली उष्णता बाहेर पडतेय, पडू द्या. त्यांनी कढत पाणी आणखी कढत केलं, डाळीचं पीठ रगडून लावलं आणि वर ओवा-बाळंतशेपांची धुरी दिली. कढत पाणी, रगडणं आणि धूर, या तिन्हींनी इसब चिडतो हे मला अकरा वर्षांनी कळलं. तेव्हा वाटायचं, आपण करण्यात काही कमी ठेवत नाही.

दीड वर्षाची असताना तिला घेऊन मी मेडिकलमध्ये गेले. दुकानदार वयस्कर, भला माणूस. “लेकरू किती खाजवतंय हो,” म्हणाले आणि एक ट्यूब दिली. तिसऱ्या दिवशी गाल लोण्यासारखे झाले. त्या रात्री आमच्या घरात सगळे सलग झोपले, दीड वर्षात पहिल्यांदा. मी त्या काकांना मनातल्या मनात हात जोडले. हे मुद्दाम सांगते, कारण तुमच्या काउंटरवर कोणी मला फसवलं असा माझा आरोप नाही. त्यांनी मला झोप दिली, आणि मी ती ट्यूब दहा वर्षं विकत घेत राहिले.

ट्यूब घरात आली की ती एकट्या लेकीची थोडीच राहते. आमच्याकडे ती आरशामागच्या फळीवर असायची, फणी आणि टिकल्यांच्या पाकिटाशेजारी. लेकीच्या कोपरांना आणि गालांना तीच. यजमानांना पावसाळ्यात जांघेत गजकर्ण व्हायचं, त्यालाही तीच. माझ्या टाचा भेगाळल्या की रात्री तीच. नणंद माहेरपणाला आली की तोंडावरच्या वांगाला हळूच तीच लावायची, कारण तिच्या मैत्रिणीचा चेहरा म्हणे महिन्याभरात उजळला होता. चौघांचे चार आजार आणि औषध एक. गंमत म्हणजे चौघांनाही आधी गुण आला.

का आला, ते तुमच्यापैकी ज्यांनी फार्मसी शिकली आहे त्यांना माझ्यापेक्षा चांगलं ठाऊक आहे. त्या ट्यूबमध्ये तीन औषधं होती: बुरशीवरचं एक, जंतूंवरचं एक आणि क्लोबेटासॉल. हे तिसरं म्हणजे कातडीला लावायच्या स्टिरॉइडांमधलं सगळ्यात जहाल. एरवी ते बारा वर्षांखालच्या मुलांना देत नाहीत, मोठ्यांनाही सलग दोन आठवड्यांच्या वर नको आणि आठवड्याला पन्नास ग्रॅमच्या वर तर मुळीच नको, असा दंडक आहे. खाज कशाचीही असो, स्टिरॉइडने ती थांबते. लाली उतरते, सूज ओसरते. इसब असेल तर तो दबतो. गजकर्ण असेल तर वरून दबतं आणि खालून पसरतं, कारण बुरशीशी झुंजणारी शरीराची फौजच त्या औषधाने घरी बसवलेली असते. त्यात बुरशीचं औषध आहे ना, असं म्हणाल, तर यजमानांचं गजकर्ण जांघेतून कमरेवर आणि कमरेवरून पाठीवर त्याच ट्यूबवर गेलं. गोल कडाही राहिली नाही, त्यामुळे पुढे बघणाऱ्याला ते गजकर्ण आहे हे ओळखूही येईना. शेवटी डॉक्टरांनी कातडी जराशी खरवडून काचपट्टीवर घेतली आणि सूक्ष्मदर्शकाखाली बुरशी दाखवली, तेव्हा उलगडा झाला. तीन औषधांची ट्यूब इतकी का खपते, हे मला तेव्हा समजलं. ती देताना रोग ओळखावा लागत नाही.

लेक सहावीत गेली तेव्हा परिपाठाला उन्हात उभी राहिली की तिचे गाल पेटल्यासारखे व्हायचे. गालांवर कोळ्याच्या जाळ्यासारख्या बारीक लाल शिरा दिसू लागल्या. ट्यूब दोन दिवस बंद केली की चेहरा सुजून टोमॅटो, लावली की शांत. आणि एक दिवस तिचे केस विंचरताना फ्रॉक वर सरकला, तर गुडघ्यांच्या मागे आणि मांड्यांवर जांभळट रेघा दिसल्या. बाळंतपणानंतर बायकांच्या पोटावर उमटतात तशा, अकरा वर्षांच्या मुलीच्या अंगावर. त्या रेघा आजही आहेत. रंग फिकट झाला, पण त्या जात नाहीत. ती पोहायला जात नाही.

मग आम्ही जिल्ह्याच्या ठिकाणी सरकारी रुग्णालयातल्या त्वचारोग विभागात गेलो. एसटीचा दोन तासांचा प्रवास, केसपेपरची रांग, डॉक्टरांची रांग. डॉक्टरबाईंनी लेकीला आधी पायापासून डोक्यापर्यंत बघितलं, कानाच्या पाळीमागेही. मग मला विचारलं, “काय लावता?” मी पर्समधून ट्यूब काढली. त्यांनी टेबलाचा खण उघडला. आत तशाच डझनभर ट्यूब पडल्या होत्या, निरनिराळ्या कंपन्यांच्या, निरनिराळ्या नावांच्या. माझी त्यात टाकली आणि खण बंद केला. मग पुढचे प्रश्न. कुठे लावली, एका वेळी किती लावली, सलग किती दिवस लावली? मला एकाचंही धड उत्तर देता येईना. कारण दहा वर्षांत हे प्रश्न मला कोणी विचारलेच नव्हते. ना दुकानात, ना घरी. मी स्वतःलाही नाही.

त्यांनी इसब समजावला तो भिंतीच्या उदाहरणाने. कातडीचा सगळ्यात वरचा थर विटांच्या भिंतीसारखा असतो, विटा म्हणजे पेशी आणि मधला गिलावा म्हणजे स्निग्ध पदार्थ. या विटा भक्कम करायला फिलॅग्रिन नावाचं प्रथिन लागतं. पुष्कळ इसबवाल्यांमध्ये त्याचं जनुकच सदोष असतं, हे २००६ मध्ये स्कॉटलंडच्या डंडी इथल्या शास्त्रज्ञांनी दाखवून दिलं. भिंतीला फटी असल्या की आतलं पाणी उडून जातं, म्हणून कातडी कोरडी आणि खरखरीत. बाहेरून साबण, धूळ, जंतू आत शिरतात, म्हणून शरीर चवताळून उठतं आणि सूज, खाज, लस सुरू होते. आपण खाजवतो, फटी आणखी रुंदावतात. हा आजार शिवल्याने पसरत नाही, रक्त बिघडल्याने होत नाही आणि त्यात वांग्याचा काही दोष नाही. अंडी, दूध, शेंगदाणे तर मी तिचं दोन वर्षं बंद करून ठेवलं होतं. काही लहान मुलांना खरोखरच एखाद्या पदार्थाचं वावडं असतं, पण ते डॉक्टरांनी नीट तपासून ठरवायचं असतं. मी सांगोवांगी बंद केलं. इसब होता तिथेच राहिला, वजन मात्र उतरलं.

यानंतरचा भाग सांगायला मला जास्त लाज वाटते. डॉक्टरबाईंनी दिलेल्या चिठ्ठीवर पुन्हा स्टिरॉइडच होतं. चेहऱ्यासाठी सौम्य, अंगासाठी मध्यम. घरी येऊन मी मोबाइलवर नाव शोधलं, स्टिरॉइड हा शब्द वाचला आणि हात कापायला लागले. ज्याने मुलीच्या अंगावर रेघा पाडल्या तेच परत? मी काहीच लावायचं नाही असं ठरवलं, न जुनं न नवं. खोबरेल तेल आणि देवावर भरवसा. पंधरा दिवसांत लेकीचं सगळं अंग उललं. चट्ट्यांवर मधासारख्या पिवळ्या खपल्या आल्या, ताप चढला, ती रात्रभर पलंगाच्या कडेला पाय घासत होती. पुन्हा एसटी, पुन्हा रांग. जंतुसंसर्ग झाला होता, पोटातून प्रतिजैविक द्यावं लागलं.

डॉक्टरबाई रागावल्या नाहीत. त्यांनी माझी तर्जनी पुढे करायला लावली, टोकापासून पहिल्या पेरापर्यंत मलमाची एक रेघ पिळली आणि म्हणाल्या, “हे साधारण अर्धा ग्रॅम. मोठ्या माणसाचे दोन पंजे मावतील एवढ्या जागेला एवढंच. कमी नाही, जास्त नाही.” हे माप १९९१ पासून जगभर वापरात आहे. मग वहीच्या कागदावर तिच्या अंगाचं चित्र काढून कुठे कोणतं ते लिहून दिलं. दिवसातून एकदा, चट्टे सपाट होऊन खाज थांबेपर्यंत, मग पुढे काही आठवडे नेहमीच्या उलणाऱ्या जागांवर आठवड्यातून फक्त दोन दिवस. चेहऱ्याला काही दिवसांनी स्टिरॉइड बंद करून टॅक्रोलिमस, म्हणजे स्टिरॉइड नसलेलं मलम. ते लावल्यावर आधी आठवडाभर चुरचुरतं, घाबरून थांबवू नका, हेही आधीच सांगितलं. आधी सांगितलं म्हणून मी थांबवलं नाही.

कातडी सगळीकडे सारखी नसते, हेही त्यांच्याकडूनच कळलं. १९६७ च्या एका प्रसिद्ध प्रयोगात हाताच्या पुढच्या भागावर स्टिरॉइड लावून किती मुरतं ते मोजलं आणि तेच बाकीच्या जागी. कपाळावर सहापट मुरलं, जबड्याच्या कोपऱ्याशी तेरापट, अंडकोषाच्या कातडीत बेचाळीसपट. जे मलम तळहाताच्या जाड इसबाला योग्य, तेच गालावर किंवा जांघेत म्हणजे चिलटावर तोफ. आमच्या फळीवरची ट्यूब नेमकी याच दोन जागी सगळ्यात जास्त वापरली गेली.

स्टिरॉइड वाईट नाही, एवढं मला आता पटलं आहे. हायड्रोकॉर्टिसोनचा कातडीवर गुण येतो हे १९५२ मध्ये न्यूयॉर्कच्या सुल्झबर्गर आणि विटेन या डॉक्टरांनी दाखवलं, त्याआधी इसबवाल्यांच्या नशिबी डांबर आणि पट्ट्या होत्या. म्हणून तुमच्यापैकी काहींना एक वेगळीच विनंती. एखादी आई त्वचारोगतज्ज्ञाची चिठ्ठी घेऊन येते आणि मलम देताना तुम्ही सहज म्हणता, “स्टिरॉइड आहे बरं का, अगदी थोडं लावा.” हेतू चांगला असतो. पण ती घरी जाऊन डाळीएवढं लावते, इसब दबत नाही, मग ती डॉक्टर बदलते, नाहीतर माझ्यासारखी सगळंच बंद करते. चिठ्ठीवर लिहिलंय तेवढं लावा, आणि शंका असेल तर त्यांनाच विचारा, एवढं म्हटलं तरी पुरे.

आमच्या घरातलं दुसरं उदाहरण सासऱ्यांचं. त्यांना तीन वर्षं दर पावसाळ्यात डोळ्यांच्या पापण्या सुजायच्या, मान आणि कोपरांच्या घड्या काळ्या पडून जाड व्हायच्या. मेडिकलमधून कधी खाजेची गोळी, कधी ट्यूब. बरं वाटायचं, पुन्हा पाऊस पडला की पुन्हा तेच. लेकीच्या वेळी धडा मिळाला होता म्हणून शेवटी त्यांना डॉक्टरांकडे नेलं. पाठीवर छोट्या छोट्या चकत्या चिकटवून दोन दिवसांनी आणि परत चार दिवसांनी बघितल्या. एक चकती लालभडक. गाजर गवत, ज्याला आमच्याकडे सगळे काँग्रेस म्हणतात. पन्नासच्या दशकात पुण्यात ज्याची नोंद झाली आणि नंतर ज्याने देशभर बांध आणि पडीक रानं व्यापली, तेच गवत. सासरे दर पावसाळ्यात बांधावरची भांगलण स्वतः करायचे, गवत फुलावर आलेलं असताना, हातांनी उपटून. त्याचे कण वाऱ्यानेही येतात, म्हणून अंग झाकलेलं असलं तरी पापण्या सुजायच्या. मूळ कारण बांधावर असताना आम्ही तीन वर्षं ते ट्यूबमध्ये शोधत होतो. आता त्या दिवसांत ते रानात जात नाहीत. गेलेच तर तोंडाला उपरणं बांधून, आणि घरी आल्या आल्या अंघोळ.

गवंड्याच्या हाताला सिमेंटने होतं, धुणीभांडी करणाऱ्या बाईच्या बोटांना साबणपाण्याने, कोणाच्या कानाला खोट्या दागिन्यातल्या निकेलने, कोणाच्या कपाळाला केसांच्या काळ्या रंगाने. तुमच्या काउंटरवर हे सगळे येतात आणि सगळे एकच वाक्य बोलतात, “खाजेवर काहीतरी द्या.”

तुमची बाजू मला कळत नाही असं नाही. आमच्या तालुक्यात त्वचारोगाचा डॉक्टर आठवड्यातून एकदा येतो. त्याची फी, जाण्यायेण्याचं भाडं, एका दिवसाची बुडालेली मजुरी, एवढं जमवण्यापेक्षा शंभराच्या आतबाहेरची ट्यूब कोणालाही परवडते. तुम्ही नाही म्हणालात तर गिऱ्हाईक समोरच्या दुकानात जातं, आणि समोरचा देतो. शिवाय गिऱ्हाईकच हुज्जत घालतं: “तुम्हाला काय करायचंय, मी पैसे देतोय ना!” हे मी माझ्या नवऱ्याच्या तोंडून ऐकलेलं वाक्य आहे.

पण कायदा तुमच्याच बाजूने उभा आहे, आणि नकार द्यायला तो पुरेसं कारण देतो. अनुसूची ‘एच’मधल्या औषधांना डॉक्टरची चिठ्ठी लागते. त्वचेवर बाहेरून लावायच्या मलमांना पूर्वी त्यातून सूट होती. त्वचारोगतज्ज्ञांच्या राष्ट्रीय संघटनेने मागे लागून लागून हा प्रश्न लावून धरला आणि केंद्र सरकारने मार्च २०१८ मध्ये अधिसूचना काढून चौदा स्टिरॉइडांची ती सूट काढून घेतली. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये मिश्रणाच्या ३२८ औषधांवर बंदी आली, त्यात स्टिरॉइडांची काही मिश्र मलमंही होती. कायदा होऊन इतकी वर्षं झाली आणि तालुक्याच्या बाजारात अर्ध्या मिनिटात ट्यूब मिळते. तपासनीस किती आणि दुकानं किती हा हिशोब मी करत बसत नाही. काउंटरच्या पलीकडचा माणूस ठरवेल तेच शेवटी होतं.

हे खूळ माझ्या एकटीच्या डोक्यातलं नाही. २०११ मध्ये एका पाहणीचे निष्कर्ष छापून आले होते. देशभरातल्या बारा केंद्रांत चेहऱ्याच्या तक्रारी घेऊन आलेल्या २९२६ रुग्णांना विचारलं, तर ४३३ जण तोंडाला स्टिरॉइड लावत होते. त्यातल्या निम्म्याहून जास्त जणांना ते डॉक्टरने दिलेलंच नव्हतं, कोणीतरी सुचवलं होतं. माझ्या नणंदेसारखे.

तर मागणं काय? दुकान बंद करा असं नाही. उलट इसबवाल्यांना तुमची गरज दुप्पट आहे. त्यांना लागतं ते ओलावा धरून ठेवणारं मलम, आणि ते स्टिरॉइडच्या ट्यूबच्या कितीतरी पट जास्त लागतं. सगळं अंग कोरडं असलेल्या मुलाला आठवड्याला दोन-अडीचशे ग्रॅमसुद्धा पुरत नाही, आणि आपल्याकडे आया वीस ग्रॅमची ट्यूब महिनाभर पुरवून वापरतात. साधी, बिनवासाची पेट्रोलियम जेली मोठ्या डब्यात ठेवा. वासाचं महागडं लोशन पुढे सरकवू नका, त्या वासानेच कित्येकांचं अंग चिडतं. सांगा, की कोमट पाण्याने थोडक्यात अंघोळ घाला, अंग टिपून घ्या, रगडू नका, आणि ओलसर आहे तोवर दोन-तीन मिनिटांत मलम चोपडा. माझ्या लेकीचं निम्मं औषध हेच आहे. यात तुमचा धंदाही आहे आणि चिठ्ठीही लागत नाही.

काही वेळा मात्र काहीच न विकता माणसाला तडक पाठवावं लागतं. चट्ट्यांवर पिवळ्या खपल्या आणि ताप. इसबाच्या जागेवर अचानक दुखऱ्या, एकसारख्या बारीक फोडांचं पीक आणि पोर मलूल. हा नागिणीच्या जातीच्या विषाणूचा हल्ला असू शकतो, त्यात एक दिवसही महत्त्वाचा. डोळ्यांच्या पापण्यांवरचे चट्टे. सगळं घर रात्री खाजवतंय, तर ती खरूज असेल, तिच्यावर स्टिरॉइड म्हणजे आगीत तेल. या लोकांना जिल्ह्याला जाणं झेपत नसेल तर आधी प्राथमिक आरोग्य केंद्रात पाठवा, साधा इसब तिथले डॉक्टरही सांभाळू शकतात. मोबाइल असेल तर सरकारची मोफत ई-संजीवनी सेवा आहे. तिचा पत्ता एका पुठ्ठ्यावर लिहून काउंटरला लावून ठेवला तर तुमचं काही जात नाही.

आणि जे वर्षानुवर्षं ट्यूब लावत आले आहेत, त्यांना ‘आजपासून बंद’ असं सांगून परत पाठवू नका. चेहऱ्याची ट्यूब एकदम तोडली की चेहरा उसळतो, माणूस घाबरतो आणि दुसऱ्या दुकानातून दुप्पट घेऊन येतो. हे माझ्या घरात घडलं आहे. त्याला सांगा, की ही सोडवायची आहे, पण डॉक्टरच्या हाताने सोडवायची आहे.

लेकीचा इसब गेला नाही. तो जाईलच असं डॉक्टरबाईंनी कधी म्हटलंही नाही. थंडी सुरू झाली, परीक्षा आली, हॉस्टेलच्या मैत्रिणीने लोकरीचा स्वेटर दिला, की कोपराच्या घडीत लाली येते. ती स्वतःच तर्जनीच्या पेरावर मोजून मलम घेते, वहीत तारीख टाकते, चार-पाच दिवसांत आवरतं. दप्तरात जेलीची डबी असते. गालांवरच्या शिरा पुष्कळ कमी झाल्या आहेत. यजमानांच्या गजकर्णाला पोटातून गोळ्या घ्याव्या लागल्या, कित्येक आठवडे. नणंदेच्या चेहऱ्याचं अजून चालू आहे.

त्या बाजारच्या दिवसापासून मी दोनदा त्या दुकानावरून गेले, बाई दिसतात का बघायला. दिसल्या नाहीत. ती ट्यूब साधारण महिनाभर पुरते, म्हणजे त्या एव्हाना तुमच्यापैकी कोणाच्या तरी काउंटरवर पुन्हा येणार आहेत, तशीच चपटी ट्यूब घेऊन. ती हातात घ्याल तेव्हा नाव वाचायच्या आधी मान वर करून पोराकडे एकदा बघा, आणि विचारा, ताई, कुठे लावायची आहे?

आपली,
एक जुनी गिऱ्हाईक